सूचीखालची घरं

विद्यापीठाच्या प्रत्येक फाटकाशी एक नकाशा उभा आहे,
काचेत, आत दिवा लावलेला.
ग्रंथालय निळं, प्रयोगशाळा केशरी,
हिरवळ हिरवी, तिच्याबद्दल तर वादच नाही.
टॅलो स्ट्रीट ओलांडली की आमची घरं सुरू होतात,
बरोब्बर तिथं एक पांढरी चौकट:
ही खूण म्हणजे वाहनतळ, ही खूण म्हणजे जेवण,
ही खूण म्हणजे मदतीचा फोन.

एकोणतीस वर्षं मी त्यांच्या भोजनगृहात अंडी फोडते.
पहाटे साडेचारला चौकटीतून निघते
आणि सात मिनिटांत नकाशात पोचते.
पोरं चांगली आहेत. मिस ओझेला म्हणतात, ताटं उचलून देतात.
एकानं विचारलं, लांबून येता का?
म्हटलं, हो बाबा, पार सूचीखालून.
त्याला वाटलं, असेल कुठलं तरी गाव.

आईच्या वेळी टॅलोच्या त्या अंगालाही आम्हीच होतो.
पोहण्याचा तलाव आहे ना, तिथं ॲपलव्हाइटांचं केस कापायचं दुकान.
मग शहरानं एक शब्द आणला: जीर्ण.
पत्र्यावर छापला, दारोदार ठोकला.
आईनं त्याच आठवड्यात दार रंगवलं होतं;
ओल्या रंगात खिळा कसा अलगद गेला
ते ती मरेपर्यंत सांगत होती.
टेकडीवरची गोऱ्यांची घरं आमच्याहून तीस वर्षांनी जुनी.
ती ऐतिहासिक निघाली.

विद्यापीठानं काही पाडलं नाही. खोटं कशाला बोलू?
त्यांनी फक्त पाडलेलं विकत घेतलं.

नातू लेम्युअल यंदा तिथंच शिकतो.
ओळखपत्र गळ्यात. झोपतानाही काढत नाही
म्हणून बहीण चिडवते त्याला.
तो हसत नाही.
सप्टेंबरातच तीनदा दाखवावं लागलंय त्याला,
तिसऱ्यांदा हात वर करून.

मार्चमध्ये सभा झाली. ऐकून घ्यायची सभा, असं पत्रात होतं.
सँडविच मीच सकाळी कापलेली,
संध्याकाळी पाहुणी म्हणून खाल्ली.
म्हातारे ॲपलव्हाइट वीस मिनिटं बोलले,
दुकानातल्या आरशांची मापंसुद्धा सांगितली त्यांनी.
वह्या भरत होत्या. कुणीतरी डोळे पुसले.
माझी पाळी आली तेव्हा म्हटलं,
आमच्या घरांवरची ती चौकट तेवढी उचला.
सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला.
एवढंच होय! बाईंनी ते लिहून घेतलं,
खाली दोन रेघा ओढल्या.

शब्दाला जागले म्हणायचं.
ऑक्टोबरात नवे नकाशे लागले.
चौकट नदीवर सरकवली, नदी काही तक्रार करत नाही.
मी चष्मा पुसून जवळ गेले.

पांढरं.
टॅलोच्या पुढं गल्ली नाही, चर्च नाही,
बसथांब्याचं टिंबसुद्धा नाही.
इतकी वर्षं मला वाटायचं, चौकट आम्हाला झाकतेय.
ती बिचारी
रिकामी जागा भरून काढत होती.

लेम्युअल म्हणाला, पुन्हा पत्र लिहू.
लिही म्हटलं. त्याचं अक्षर छान आहे.

काल पहाटे काचेवर दव होतं.
हातमोजा काढला.
आधी आमचं घर काढलं, मग त्याला चिकटून हॅटी पर्व्हिसचं,
मग जळालेलं, मग ज्यात आता विद्यार्थी राहतात ते,
चर्चला कळस काढताना बोट बधिर झालं.
आतल्या दिव्यानं रेघा उजळल्या होत्या,
आणि खालच्या बाजूनं एकेक घर ओघळायलाही लागलं होतं.

मागे गस्तीची गाडी येऊन थांबली.
काच खाली झाली. रस्ता चुकलात का?
नाही, म्हटलं.
ओळखपत्र दाखवलं.
गाडी गेली, पण सावकाश.

पाच वाजत आले होते. चारशे अंडी वाट बघत होती.
कोपऱ्यावरचं ॲपलव्हाइटांचं घर तेवढं राहिलं.
उद्या काढीन,
दव पडलं तर.